बेचाळीस घरांची गोधडी

ओढ्याकाठी बोरवणी नावाचं बेचाळीस घरांचं गाव होतं. त्या गावात ठकूआत्या राहत असे, आणि तिला दुसऱ्या कुणी केलेलं कुठलंच काम पटत नसे. सुनेने थापलेली भाकरी तिला एका कडेला जाड लागे. शेजारणीने सारवलेलं अंगण तिला डागाळलेलं दिसे. देवळातला गुरव आरतीला घंटा वाजवी, तीसुद्धा तिच्या मते अंमळ उशिराच पडे. बरं, बाई जे बोलून दाखवी त्यात खोटं काही नसे, आणि खरी पंचाईत तिथेच होती. भाकरी कडेला जाड असेच. अंगण डागाळलेलं असेच. आणि ठकूआत्याने स्वतः हातात सुई घेतली की असा बारीक, सरळ टाका पडे की बघणाऱ्याने बघतच राहावं. अशा माणसाशी भांडायची सोय नसते.

त्या मुलखात एक जुनी रीत होती. पूर्वी गावाला राजाकडे काही मागायचं असलं की लिहिता येणारा एखादा शहाणा कागद लिहून नेई. खाली साऱ्या गावाची नावं घाली आणि वर मागणी करी ती स्वतःच्या मळ्यापुरती. अशा कागदांना विटून कुठल्याशा राजाने हुकूम काढला की कागद नको, गोधडी आणा. गावातल्या प्रत्येक घराने आपल्या घरात वापरून विरलेल्या कापडाचा एक तुकडा द्यायचा. त्याच घरातल्या माणसाने तो स्वतःच्या हाताने गोधडीवर शिवायचा. गावाला काय हवंय त्याचं चित्र त्या तुकड्यांतूनच उभं करायचं, आणि ती गोधडी राजवाड्याच्या सदरेवर भिंतीला टांगायची. चित्राची आखणी एकाने केली तरी चालत असे. टाका मात्र ज्याचा त्याचा. तो टाका म्हणजे त्या घराची सही.

बोरवणीला हवा होता साकव, म्हणजे ओढ्यावरून जाण्यापुरता लाकडी पूल. पावसाळ्याचे चार महिने ओढा असा भरून वाहे की पलीकडे माणूस तर सोडाच, आवाजसुद्धा जात नसे. आणि सुईण राहायची पलीकडे. गेल्या श्रावणात पारूबाईची थोरली सून बाळंतपणात अडली. सुईण पलीकडच्या काठावर उभी राहून काय करा, काय करू नका ते ओरडून सांगत होती. पाण्याच्या घोंघाटात अलीकडे एक शब्द पोचला नाही. सूनही गेली आणि मूलही गेलं. यंदाच्या श्रावणात ठकूआत्याच्या सुनेचे, चिमाचे, दिवस भरत होते. तेव्हा साकव पावसाआधी झालाच पाहिजे, हे ठकूआत्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बारा वर्षांपूर्वीही गावाने साकव मागितला होता आणि गोधडी तशीच परत आली होती. त्या वर्षी राजाचं सगळं लाकूड किल्ल्याला लागलं होतं, एवढंच त्याचं कारण. पण ठकूआत्याने आपल्यापुरतं वेगळं कारण पक्कं करून ठेवलं होतं. गोधडी वेडीवाकडी होती, म्हणून नाकारली. लोकांनी टाके नीट घातले असते तर साकव कधीच झाला असता. हे ती बारा वर्षं, विचारलं न विचारलं, सगळ्यांना सांगत आली होती.

यंदा आखणीचं काम गावाने तिच्याकडेच दिलं. दुसरं कोण करणार होतं? तिने ओसरीवर मोठं अस्तर अंथरलं आणि कोळशाने त्यावर रेघा ओढल्या. मागे डोंगर, मधून ओढा, ओढ्यावर साकव आणि साकवावरून चाललेली एक बाई. कुठल्या घराचा तुकडा कुठे बसेल ते तिने ठरवून टाकलं आणि गावात निरोप धाडला की विरलेलं, धुतलेलं, वीतभर कापड घेऊन या.

मग तिच्या डोक्याला ताप सुरू झाला. धोंडाबाईने कोरं करकरीत खणाचं कापड आणलं, कारण जुनं दिलं तर लोक काय म्हणतील.

"विरल्यालं मागितलंय गं बाय," ठकूआत्या म्हणाली. "ह्ये कोरं कापड धुतलं की आटतंय. आटलं की शेजारच्या तुकड्याला वढतंय."

धोंडाबाई गेली आणि दुसरं नवं कापड घेऊन आली. असं तीन वेळा झालं. एकीने पोत्याचा तुकडा आणला. दगडूनाना एकटा राहणारा गडी. त्याने आपल्या लंगोटाचा तुकडा आणला आणि वर सांगितलं, "धुतलाय." ठकूआत्याने तो दोन बोटांत धरला, ओसरीच्या टोकाला ठेवला आणि कपाळाला हात लावून बसली. पण रीत म्हणजे रीत. लंगोट डोंगराच्या पार वरच्या टोकाला गेला, ढग म्हणून.

पारूबाईने आणलेला तुकडा हिरवा होता. तो कशाचा आहे ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. गेलेल्या सुनेचं ते लुगडं सगळ्यांनी तिच्या अंगावर पाहिलेलं होतं. तो तुकडा ठकूआत्याने चित्रातल्या बाईला दिला, साकवावरून चालणाऱ्या बाईला. एवढी समज तिला होती.

पाच दिवस एकेक घर ओसरीवर येऊन आपला तुकडा शिवून गेलं, आणि पाच दिवस ठकूआत्याचा जीव वरखाली होत राहिला. कुणी दोरा दुहेरी घेतला. कुणी गाठ वरच्या अंगाला मारली. धोंडाबाईने शेवटी कसाबसा जुना तुकडा आणला तो उलटा शिवला, उसवायला लावला, आणि पुन्हा उलटाच शिवला. दगडूनानाने सुई अशी धरली होती जशी काही ती चावणार आहे. पारूबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं विळा लागल्यापासून वळत नव्हती. तिचा एक टाका तांदळाएवढा पडे आणि पुढचा वालाच्या शेंगेएवढा. ती शिवून उठली तेव्हा चित्रातली बाई साकवावरून चालतेय की पाण्यात पडतेय, हे सांगणं कठीण होतं.

"बरं झालंय का गं ठके?" पारूबाईने विचारलं.

"झालंय," ठकूआत्या म्हणाली, आणि दात आवळून पुढच्या माणसाला हाक मारली.

सदर भरायची होती अक्षय्य तृतीयेला. दोन दिवस हातात होते. दुपारी गाव जळण आणायला रानात गेलं आणि ठकूआत्या गोधडी समोर घेऊन बसली. बसायचं काही कारण नव्हतं. काम झालेलं होतं. तिने फक्त कडा झटकल्या. मग पारूबाईचा एक टाका, तो वालाच्या शेंगेएवढा, तिने सुईच्या टोकाने उचलून उसवला आणि तिथे आपला बारीक टाका घातला. फक्त एकच. पण तो एक नीट झाल्याबरोबर त्याच्या शेजारचा जास्तच वाकडा दिसायला लागला. तो केला. मग सगळी बाईच नव्याने शिवून काढली. मग बाई सरळ उभी राहिल्यावर तिच्या पायाखालचा साकव कलंडलेला दिसू लागला. आता काय बोलावं! असल्या कामाला शेवट नसतो, हे ज्याने एकदा केलंय त्याला माहीत असतं, आणि तरी तो करतोच.

चिमा पाण्याची घागर घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आत्याबाई, ह्यो त्यांचा टाका हाय," ती म्हणाली.

"टाका त्यांचा आसंल. लाज समद्या गावाची जाईल."

"पर त्यांनी शिवलं म्हंजे त्यांनी मागितलं, आसं आसतंय ना?"

"कोन बघतंय टाका कुनाचा? बघनारा चित्र बघतोय. बारा वर्सामागं काय झालं, ठावं हाय न्हवं? आन् ह्ये मी कुनापायी करतेय? तुज्याच पायी करतेय."

आपल्याच पोटाची आण घातल्यावर सून काय बोलणार? चिमा घागर घेऊन आत गेली. ठकूआत्याने दुसऱ्या दिवशीची दुपारही धरली आणि एक्केचाळीस घरांचे टाके उसवून एक्केचाळीस घरांवर आपले टाके घातले. विरलेल्या कापडात सुईचं भोक एकदा पडलं की बुजत नाही. तिने ती भोकं नखाने घासली, पाण्याचा हात फिरवला. वरून काही दिसेना तेव्हा तिचं समाधान झालं. खरं सांगायचं तर गोधडी आता विलक्षण सुंदर दिसत होती. इतकी देखणी गोधडी त्या राज्यात कधी झाली नसेल.

तृतीयेला प्रत्येक घरातलं एकेक माणूस राजवाड्यावर गेलं. गोधडी सदरेच्या भिंतीवर चढली. दुसऱ्या गावांची माणसं जवळ येऊन बघू लागली. खुद्द राजा आपल्या जागेवरून उठून दोन पावलं पुढे आला. बोरवणीकरांच्या माना ताठ झाल्या. पारूबाई आपल्या तुकड्याकडे बघत होती. आपण शिवलेली बाई एवढी सरळ कशी उभी राहिली, हे तिला कळेना. पण लांबून सगळंच बरं दिसतं, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली.

मग रंगोपंतांना बोलावलं गेलं. रंगोपंत सदरेवरचे म्हातारे कारभारी. गोधडी वाचायचं काम त्यांचं. नजर अधू झाली होती, म्हणून ते बोटांनी वाचत. त्यांनी गोधडीची कड उचलली, हात मागच्या बाजूने घातला आणि टाके चाचपायला सुरुवात केली. एक घर झालं. दुसरं झालं. चौथ्या घराशी ते थांबले, पुन्हा पहिल्याकडे आले. मग भराभर हात फिरवत शेवटापर्यंत गेले.

"हे कुणी शिवलं?" त्यांनी विचारलं.

"समद्यांनी," ठकूआत्या पुढे होऊन म्हणाली.

रंगोपंतांनी शिपायांकरवी गोधडी खाली उतरवली आणि बाहेर चौकात दोरीवर टाकायला सांगितली, उन्हाकडे पाठ करून. वैशाखातलं ऊन. ते गोधडीतून आरपार आलं. ठकूआत्याच्या बारीक टाक्यांच्या आजूबाजूला शेकडो भोकं चमकायला लागली. काही जवळजवळ, काही लांबलांब, काही तिरकी चढत गेलेली. प्रत्येक घराने आपापली रांग लगेच ओळखली. दगडूनाना पुढे गेला, ढगापाशी बोट नेलं आणि म्हणाला, "ह्यो माजा हुता की."

"वाकडं हुतं," ठकूआत्या म्हणाली. "वाकडं हुतं म्हून नीट केलं, सरकार. गावासाठीच केलं."

"वाकडं होतं ते मलाही कळतंय, बाई," रंगोपंत म्हणाले. "चाळीस वर्षं मी वाकडे टाकेच वाचत आलोय. एक्केचाळीस घरं इथे बोलायला आली होती आणि तू एकेकाचं तोंड दाबलंस. आता ही एका बाईची मागणी झाली. एका बाईच्या मागणीवर राजा साकव बांधून देत नाही."

राजाने मान डोलावली. नवी गोधडी आणायला पौर्णिमेपर्यंत मुदत दिली. त्यानंतर सुतार दुसऱ्या गावच्या कामाला जाणार होते, आणि त्यांच्यामागून पाऊस येणार होता.

परतीच्या वाटेवर ठकूआत्याशी कुणी बोललं नाही. तीही कुणाशी बोलली नाही, कारण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पहिले दोन कोस तिला रंगोपंतांचा राग आला. आंधळ्याला चित्र काय कळणार? पुढचे दोन कोस गावाचा आला. यांनी आधीच नीट शिवलं असतं तर मला हात लावावा लागला असता का? मग पुढे चालणाऱ्या पारूबाईकडे तिचं लक्ष गेलं. पारूबाईने गोधडी कुणाला उचलू दिली नव्हती. स्वतःच्या खांद्यावर घेतली होती, आणि वळत नसलेल्या बोटांनी ती हिरव्या तुकड्यावरची भोकं चाचपत चालली होती. तिथून घरापर्यंत ठकूआत्याला कुणाचाच राग आला नाही. तिला फक्त लाज वाटली. इतकी, की दारात उभ्या असलेल्या चिमाकडे तिच्याने बघवेना.

चिमाने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि एवढंच विचारलं, "पौर्णिमेला किती दीस हायेत?"

"बारा."

"मग बसून कसं हुईल?"

दुसऱ्या दिवसापासून ठकूआत्या दारोदार गेली. उंबऱ्याबाहेर उभी राही आणि म्हणे, "तुमचं शिवलेलं म्या उसवलं. चुकलं माजं. त्या तुकड्याची चाळण झाली, तवा पुन्हा एक तुकडा द्या आन् पुन्हा येऊन शिवा." सांगायला तीन वाक्यं. पण ती तीन वाक्यं एक्केचाळीस उंबऱ्यांवर सांगायची म्हणजे काय असतं, ते ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्यालाच विचारावं. कुणी तिला मनसोक्त ऐकवलं. कुणी आत बसूनच ऐकून घेतलं आणि बाहेर आलं नाही, मग पुन्हा दुसऱ्या दिवशी जावं लागलं. धोंडाबाईने गेल्या बारा वर्षांत ठकूआत्याने आपल्याला काय काय म्हटलं ते पहिल्यापासून सांगितलं. त्यात एक सकाळ गेली. दगडूनाना म्हणाला, "आता दुसरा लंगोट न्हाई माज्याकडं," आणि पागोट्याची पट्टी फाडून दिली.

आठ दिवसांत चाळीस घरं झाली. राहिली पारूबाई. ठकूआत्या तिच्याकडे सगळ्यांत शेवटी गेली, कारण तिथे जायचं तिला धैर्य होत नव्हतं.

पारूबाई डाळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली.

"पारू, तुजं एकच घर ऱ्हायलं. एक टाका कमी पडला तरी गोधडी धरत न्हाईत. चिमाचे दीस..."

"चिमाचे दीस म्या बी मोजतेय," पारूबाई म्हणाली. आता तिने सूप ठेवलं. "माज्या सुनंचं लुगडं हुतं ते. तिच्यासाटी माज्याच्यानं दुसरं काय करणं झालं न्हाई. ह्या वाकड्या बोटांनी तेवडे वीस टाके घातले, आन् तू ते उसवून फेकलंस. का, तर नदरेला बरं दिसंना म्हून."

ठकूआत्या उभीच राहिली. नाही ते बोलायची सवय असलेल्या त्या बाईने पहिल्यांदाच तोंड मिटून घेतलं. पारूबाई आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिच्या हातात त्याच लुगड्याचा पदर होता.

"ह्यो माज्याजवळ ठेवायचा हुता," ती म्हणाली. "चिमासाटी देते. तुज्यासाटी न्हाई. आन् मी शिवनार ते तुज्या म्होरं. तू बसायचंस आन् बघायचंस. हात लावायचा न्हाई, बोलायचं न्हाई."

त्या दुपारी ठकूआत्याने आयुष्यात केलं नव्हतं इतकं कठीण काम केलं. ती नुसती बसली. नवं अस्तर तिने स्वतःच्या चांगल्या लुगड्याचं केलं होतं. त्यावर डोंगर, ओढा आणि साकव पुन्हा उभे राहिले होते, आधीपेक्षाही वेडेवाकडे. काही बायकांनी मुद्दाम तिरके टाके घातले असावेत असा तिला दाट संशय होता, आणि तो बहुधा खराही होता. पारूबाईने सुई घेतली. दोरा ओवायलाच तिला अर्धी घटका लागली. ठकूआत्याचा हात आपोआप पुढे गेला, तो तिने मागे घेऊन मांडीखाली दाबला. पहिला टाका रेघेच्या बाहेर पडला. दुसरा आणखी बाहेर. मध्येच दोऱ्याला गुंता पडला आणि पारूबाईने तो ओढून आणखी घट्ट केला. ठकूआत्याच्या कपाळावर घाम आला. ती आढ्याकडे बघू लागली.

"हिकडं बघ," पारूबाई म्हणाली.

ठकूआत्या बघू लागली. तिला आधी नुसते वाकडे टाके दिसले. बराच वेळ तेवढेच दिसले. मग तिच्या लक्षात आलं की पारूबाई प्रत्येक टाका घालायच्या आधी तो पदर तळहाताने सरळ करतेय, झोपलेल्या पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा. विसाव्या टाक्याला तिने गाठ मारली, वरच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल अशी.

"झालंय," पारूबाई म्हणाली. या वेळी तिने विचारलं नाही.

"व्हय," ठकूआत्या म्हणाली. "झालंय."

पौर्णिमेला गोधडी पुन्हा सदरेवर चढली. या वेळी कुणी जवळ येऊन बघितलं नाही. राजा जागेवरून उठला नाही. शेजारच्या गावचा एक माणूस तोंडावर हात धरून हसला, आणि ठकूआत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रंगोपंतांनी मागून हात घातला आणि वाचायला लागले. ते मनाशी मोजत होते, ओठ हलत होते. दगडूनानाच्या पागोट्यापाशी ते किंचित हसले. हिरव्या तुकड्यापाशी त्यांची बोटं जरा जास्त वेळ थांबली. एक्केचाळीस घरं झाली. शेवटी खालच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या काठाला, त्यांच्या बोटांना एक बारीक, सरळ, एकसारखी रांग लागली.

"हा टाका मी ओळखतो," ते म्हणाले.

ठकूआत्या पुढे झाली. "माजा हाय."

"आणि यातले आणखी कुठले तुझे?"

तिने गोधडीकडे पाहिलं. डोंगर एका अंगाला खचलेला होता. ओढा मध्येच चढावर वाहत होता. साकवावरची बाई अशी कलली होती की तिला धरायला कुणी धावून जावं. एवढ्या सगळ्या राजवाड्यासमोर ते तसंच, आपण आखलेलं आणि आपल्या हातून न सुधारलेलं, टांगलेलं होतं.

"येवढाच," ठकूआत्या म्हणाली.

"बेचाळीस," रंगोपंत राजाकडे वळून म्हणाले, आणि राजाने सुतारांना बोलावणं धाडलं.

मृग लागायच्या आत साकव झाला. श्रावणात ओढा दोन्ही काठ भरून वाहत असताना सुईण बगलेत गाठोडं मारून साकवावरून चालत आली, आणि चिमाला मुलगी झाली. बाळ, बाळंतीण दोघी सुखरूप राहिल्या. ठकूआत्याचा स्वभाव मात्र काही गेला नाही, तो तसा जातही नाही. बाराव्या दिवशी पारूबाई बाळासाठी कुंची शिवून घेऊन आली. ठकूआत्याने ती उलटीपालटी करून पाहिली. एक टाका तांदळाएवढा होता आणि त्याच्या पुढचा चांगलाच लांब. तिने तोंड उघडलं, मग मिटलं, कुंची नातीच्या डोक्यावर बांधली आणि चुलीवरचं पाणी बघायला आत निघून गेली.

तात्पर्य: दुसऱ्याचं वाकडं काम पुसून जो त्यावर आपलं सरळ काम करतो, तो काम सुधारत नाही, त्या माणसाला गप्प करतो. जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांच्या हातून होऊ द्यावं, आणि आपला हात आवरायला शिकावं.